बिल्ल्याशिवाय मिळणार नाही

३ जानेवारी

ताई,

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितोय. घेतला असतास तर हे चार वाक्यांत आटोपलं असतं.

आम्ही ठरवलंय. आधी पैसे, मग मूल. उलट करणाऱ्यांचे हाल मी रोज बघतो. लिफ्ट बंद पडली की आत निम्मे तेच सापडतात. दोन्ही हातांत पिशव्या, कडेवर पोर, आणि चेहऱ्यावर महिन्याची वीस तारीख.

हिशोब केला. मुलाचं पहिलं वर्ष, दवाखान्यासकट, एक लाख वीस हजार. पण आमच्या कामात लागतं तेवढंच कधी धरत नाहीत. पाचशे किलो उचलायचे असले तर सहा हजार किलो पेलेल असा दोर लावतात. बारापट. तुझी वहिनी म्हणाली, मूल म्हणजे लिफ्ट नव्हे. घासाघीस होऊन दुपटीवर आलो. दोन लाख चाळीस हजार. महिन्याला दहा, म्हणजे बरोबर दोन वर्षं.

प्रश्न एवढाच की ठेवायचे कुठे. बँकेत दोनदा साठवले आणि दोनदा काढले. पहिल्यांदा ट्रेडमिल आली. तिच्यावर टॉवेल वाळतात. दुसऱ्यांदा काय आलं ते लिहायला तुझ्या वहिनीने मनाई केली आहे.

म्हणून तू. बसस्थानकाच्या सामानघरात तू एकोणीस वर्षं आहेस आणि बिल्ल्याशिवाय तुझ्याकडून कुणी रिकामी पिशवीसुद्धा नेलेली नाही. बाबांची छत्री तू बाबांना दिली नव्हतीस, ते मी विसरलेलो नाही.

सव्वापाचच्या बसच्या चालकाबरोबर लोखंडी पेटी पाठवतोय. वरच्या फटीतून पैसे आत जातात, बाहेर येत नाहीत. किल्ली तुझ्या वहिनीकडे, बिल्ला माझ्याकडे. दर महिन्याला पाकीट येईल. दोन चाळीस होईपर्यंत आम्ही काहीही लिहिलं, कितीही रडलो, तरी द्यायचे नाहीत.

तुझा
बारक्या


९ जानेवारी

बारक्या,

पेटी मिळाली. वजन चार किलो शंभर. खालचा कप्पा, क्रमांक सत्तेचाळीस. बिल्ला सोबत आहे. हरवलास तर पेटी मिळणार नाही. तू माझा भाऊ आहेस हे मला माहीत आहे, रजिस्टरला माहीत नाही.

भाडं दिवसाला दोन, नेताना द्यायचं. नातेवाईकांना सूट नाही. फलकावर तसं लिहिलं आहे. फलक मीच लिहिला आहे.

आत टाकण्याआधी प्रत्येक पाकीट मोजीन. महिनाअखेरीला कार्डावर आकडा कळवीन. फक्त आकडा. फोनचं म्हणशील तर, फोनवर बोललेलं दुसऱ्या दिवशी कुणी कबूल करत नाही. इथे मी रोज बघते.

छत्रीचं: बाबांकडे बिल्ला नव्हता.

मला आत्या व्हायची घाई नाही. तुम्हीही करू नका.

— ताई


२७ मे

ताई,

हे पत्र तुमच्या भावाला माहीत नाही. चष्म्याच्या दुकानात बसून लिहितेय. मालकीणबाई जेवायला गेल्या आहेत आणि समोर एक आजोबा अर्धा तास फ्रेमा बदलून बदलून आरशात बघतायत. त्यांना तरुण दिसायचंय. तशी फ्रेम आमच्याकडे नाही.

पैसे साठतायत. तुमची कार्डं येतात, पन्नास झाले. तक्रार पैशांची नाही, साठवणाऱ्याची आहे. घरात आता एकच दिवा लागतो आणि तो आम्ही बरोबर घेऊन फिरतो. चहाची पूड दोनदा उकळते. परवा त्याने टूथपेस्टची नळी कात्रीने उभी कापली, आतून बोटाने पुसून घेतली आणि मला बोलावून दाखवलं. "बघ, चार दिवसांची निघाली!" मी म्हटलं, उद्या पोराला पण असंच पिळणार आहेस का? तर म्हणे, ती वेळ येऊ नये म्हणूनच दुप्पट धरलंय.

मला तेहेतिसावं चालू आहे. दिवसभर मी लोकांना जवळचं आणि लांबचं दाखवते. मला स्वतःला हल्ली फक्त जवळचं दिसतं.

एक मागणं आहे. पुढच्या कार्डावर आकडा जरा चढता लिहाल का? पन्नासाच्या जागी ऐंशी. तुमच्या अक्षरातलं काहीही तो खरं मानतो. टक्कल पडतंय असं तुम्ही मागे लिहिलंत, तेव्हा त्याने आरशात न बघता तेल आणलं होतं.

तुमची
वहिनी


१ जून

वहिनी,

पेटीत पन्नास आहेत म्हणून कार्डावर पन्नास आहेत. खोटं बोलायचं असतं तर मी फोन घेतला असता.

कार्डावर ऐंशी हवे असतील तर पेटीत ऐंशी असले पाहिजेत. ते कुठून आले हे रजिस्टर विचारत नाही. त्यात रकाना एकच आहे, आत किती. पाकीट कुणाचं, असा रकाना नाही.

सव्वापाचचा चालक विश्वासाचा आहे. तुम्ही दोघांनी वेगवेगळी पाकिटं दिलीत तरी तो एकाचं दुसऱ्याला सांगणार नाही.

चहाची पूड दोनदा उकळू नका. कडू होते.

— ताई


२ ऑगस्ट

ताई,

हे पत्र तुझ्या वहिनीला माहीत नाही. सोळाव्या मजल्याच्या वर, यंत्राच्या खोलीत बसून लिहितोय.

कार्ड मिळालं. एक लाख बारा हजार. मी सात पाकिटं पाठवली. सात दाहे सत्तर. वरचे बेचाळीस कुठून आले? बँकेला वर्षभरात जमत नाही ते तुझ्या खालच्या कप्प्यात दोन महिन्यांत झालं? कुणाचं सामान फुटून आमच्या पेटीत सांडलं असेल तर तपास.

आणि तपासून झालं की कमी लिही. साठ लिहिलेस तरी चालेल. हे असंच चालू राहिलं तर मार्चमध्ये दोन चाळीस होतील. मार्च म्हणजे उद्याच की.

कुणाला बोलू नकोस. गेल्या आठवड्यात तुझ्या वहिनीला आणायला दुकानात गेलो होतो. मालकीणबाईंनी त्यांची नात माझ्या कडेवर दिली आणि आत निघून गेल्या. नऊ मिनिटं. वार्षिक तपासणीला आलेला साहेब बघतो तशी ती माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. शेवटी एकदाच 'हं' म्हणाली. मी समजलो, नापास.

पडण्याची मला भीती नाही. पडणाऱ्या गोष्टींचं मला कळतं. दोर जाड घ्यायचा. मला विसरण्याची भीती आहे. या वर्षी तीन छत्र्या विसरलो, एक डबा, आणि गेल्या महिन्यात बसमधून उतरलो तेव्हा हत्यारांची अख्खी पिशवी आतच. उद्या मूल कुठेतरी ठेवीन आणि शीळ घालत घरी येईन. विसरण्याच्या बारापट काय धरायचं, सांग.

तूर्त चौपट धरतो. चार लाख ऐंशी हजार. कागद जोडला आहे.

बारक्या


८ ऑगस्ट

बारक्या,

पेटीत एक लाख बारा हजार आहेत. कुणाचं सामान फुटलेलं नाही. कमी लिहिणार नाही.

चौपटीच्या कागदावर तुझी एकट्याची सही आहे. ठरलं तेव्हा तुम्ही दोघं होता. कागद परत पाठवते.

तुझी एक छत्री आणि हत्यारांची पिशवी सव्वापाचच्या चालकाने इथे आणून जमा केली आहे. क्रमांक बावन्न आणि त्रेपन्न. भाडं चालू आहे.

विसरलेल्या गोष्टी जातात कुठे, हे मी एकोणीस वर्षं बघते आहे. बहुतेक सापडतात.

— ताई


३ सप्टेंबर

बारक्या,

ऑगस्टचं पाकीट मोजलं. त्यात लिफ्टच्या तपासणीचे अकरा कोरे फॉर्म होते. पाकीट जाड होतं. नोटा नव्हत्या.

आलेली वस्तू पेटीत टाकायचं ठरलं आहे म्हणून टाकले. कार्डावर लिहिले नाहीत. आकड्याच्या रकान्यात फॉर्म बसत नाहीत.

दहा हजार कुठे आहेत?

— ताई


१० सप्टेंबर

ताई,

आहेत. कामाला लागले आहेत. काय ते विचारू नकोस, झालं की सांगीन. ट्रेडमिल नाही, शपथ. सप्टेंबरचं पाकीटही तसंच येईल. तुझ्या वहिनीच्या डोळ्यांदेखत भरावं लागतं, म्हणून फॉर्म.

आणि मी विचार केला. दुप्पट, चौपट ही सगळी घासाघीस. आमच्या कामात बारापटीला कारण आहे. तेव्हा बारापट. चौदा लाख चाळीस हजार. काल जेवताना तुझ्या वहिनीला सांगितलं. ती एक शब्द बोलली नाही. मला वाटतं, पटलं.

बारक्या


१२ ऑक्टोबर

ताई,

बारापट. हे त्याने गेल्या महिन्यात घास घेता घेता सांगितलं आणि मीठ मागितलं. मी मीठ दिलं. बरणी कशी दिली हे माझं मला माहीत.

पावतीच्या मागे गुणाकार केला. त्या हिशोबाने मूल होईल तेव्हा मला पंचेचाळिसावं असेल. आई आणि मूल एकाच दिवशी डोळे तपासायला येतील.

जादा पाकिटं मी पाठवत होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. रविवारचं दुकान मी उघडते. शिवाय जूनमध्ये ट्रेडमिल विकली. टॉवेल आता दाराच्या कडीला असतात. तुमच्या भावाच्या अजून लक्षात आलेलं नाही.

पण लिहायला बसले ते यासाठी नाही. ताई, पेटीतला आकडा आता मला नको. मला दुसराच आकडा मिळाला आहे. सहा आठवडे. काल दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ठरवून का? मी म्हटलं, ठरवून, पण बारा वर्षांनी.

त्याला कसं सांगू? पेटीत एक लाख चाळीस हजार. त्याला हवेत चौदा लाख चाळीस हजार. तो चक्कर येऊन पडेल, आणि त्याला स्वतःला दोर बांधलेला नाही. एकदा, फक्त एकदाच, कार्डावर चौदा चाळीस लिहा. आयुष्यात पुन्हा काही मागणार नाही.

अजून फक्त तुम्हालाच माहीत आहे. माझ्या आईलासुद्धा नाही.

वहिनी


१५ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. काउंटरवर माणसं थांबली होती. थांबू दिली.

चौदा चाळीस लिहिणार नाही. पेटीत एक चाळीस आहेत.

बातमीही मी सांगणार नाही. ती तुझी आहे, आणि एकाची वस्तू मी दुसऱ्याला देत नाही. तूच सांग. कागदावर लिही, घडी करून पाठव, मी फटीतून आत टाकते. पेटी तो स्वतः उघडेल. किल्ली मागेल तेव्हा काही न विचारता दे.

त्याला इथे आणायचं काम माझं. त्यासाठी एक नियम आहे.

रविवारी दुकान उघडू नकोस. पाकिटं बंद. जिने हळू चढ. चढूच नकोस. नवरा लिफ्टचा आहे, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे.

— ताई


१९ ऑक्टोबर

सामानघर: सूचना

पेटी क्रमांक सत्तेचाळीसच्या मालकास कळवण्यात येते की, आपल्या ठेवीच्या संदर्भात जिवंत बाब असल्याचे लक्षात आले आहे. नियम सात: जिवंत वस्तू ठेवून घेतली जात नाही. मालकाने बिल्ला व किल्ली घेऊन स्वतः यावे. उशीर केल्यास बाब वाढत जाईल.

सामानघर प्रमुख


२१ ऑक्टोबर

ताई,

उंदीर का? किती? 'वाढत जाईल' म्हणजे पिल्लं घातली का? फटीला कान लावून बघ, कुरतडल्याचा आवाज येतो का. हात घालू नकोस, चावतील. त्या अकरा फॉर्मांवर त्यांचं भागलं असेल तर बरं, नोटा वाचतील.

शुक्रवारी पहिल्या बसने येतो. पिंजरा शेजारच्यांकडून मिळाला.

तुझ्या वहिनीला म्हटलं, पेटीत काहीतरी जिवंत आहे. ती खुर्चीत बसून हसली. नऊ महिन्यांचे कष्ट उंदीर खातायत आणि ही हसते! किल्ली मागितली तर तिच्या हातातच होती. बायकांचं मला कळत नाही.

बारक्या


२४ ऑक्टोबर

वहिनी,

तो आत्ताच गेला. परतीच्या बसमध्ये मी बसवून दिलं. घरी येऊन सगळं सांगेलच, पण पुढचं मागे करील, म्हणून लिहिते.

साडेनऊला आला. पिंजरा, टॉर्च, कातडी हातमोजे. पिंजऱ्यात पावाचा तुकडा. मी बिल्ला मागितला. तो म्हणाला, "ताई, आत उंदीर आहेत!" मी बिल्ला मागितला. त्याने सगळे खिसे उलटे केले, मग खाली बसून उजवा बूट काढला. बिल्ला बुटात होता. म्हणाला, विसरू नये म्हणून जानेवारीपासून तिथेच ठेवलाय, रोज टोचतो. तो वर्षभर लंगडतो असं तू मागे लिहिलं नव्हतंस.

भाडं दोनशे एकोणनव्वद दिवसांचं, पाचशे अठ्ठ्याहत्तर. सुटे नव्हते. बाहेर जाऊन आणायला लावले.

मग हातमोजे चढवून कुलूप काढलं. एका हाताने पिंजरा पुढे धरला, दुसऱ्याने काठीने झाकण उचललं. काही निघालं नाही. वर तुझा कागद होता.

तू तो दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्यासारखा लिहिला होतास. वर मोठं, खाली बारीक होत जाणारं. तुझ्या नवऱ्याला सवय लागलेली दिसते. तो दोन पावलं मागे सरला, एक डोळा झाकला आणि मोठ्याने वाचायला लागला. "तू." "बाप." "होणार आहेस." काउंटरवरची सगळी माणसं ऐकत होती. मग दुसरा डोळा झाकून पहिल्यापासून वाचलं. तेच आलं.

शेवटची ओळ त्याला वाचता येईना. मी त्याचा चष्मा पुसून दिला. तरी येईना. मग मी वाचून दाखवली. घाबरू नकोस.

तो पिंजऱ्यावर बसला. पिंजरा मोडला. शेजाऱ्यांना नवीन द्यावा लागेल.

जरा वेळाने म्हणाला, "ताई, मी विसरीन गं तिला. बसमध्ये ठेवून उतरीन." तिला म्हणाला. मुलगीच आहे हे त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे.

तेव्हा मी त्याला शिंप्याची गोष्ट सांगितली. पस्तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती, आईलाही नाही. आता तुलाही सांगते.

तो आठ महिन्यांचा होता, मी अकरा वर्षांची. आई कामावर गेली होती. मी त्याला कडेवर घेऊन शिंप्याकडे पडदा आणायला गेले. पडदा घेऊन घरी आले. पडदा दांडीवर चढवताना वाटलं, आज आपले हात फार मोकळे आहेत. मग आठवलं. धावत गेले. शिंप्याने त्याला चिंध्यांच्या टोपलीत निजवलं होतं. मी उचलायला गेले तर देईना. "तुझाच कशावरून? इथे येऊन कुणीही म्हणेल माझा." मी म्हटलं, याच्या एकाच पायात मोजा आहे, दुसरा आमच्या घरी आहे. म्हणाला, आण. मी पुन्हा घरी धावले, मोजा आणला. त्याने दोन्ही मोजे उजेडात धरून जुळवले आणि मग मूल दिलं.

तुझ्या नवऱ्याने हातमोजे काढले. मग विचारलं, "किती वेळ होतो मी तिथे?" पाऊण तास. "शिंप्याने भाडं घेतलं?" नाही. "तुझ्यापेक्षा बरा मग."

मी त्याला म्हटलं, तुला मी विसरले आणि तू आज लिफ्ट दुरुस्त करतोस. सोळा मजले माणसं वर जातात आणि खाली येतात. याहून जास्त काय व्हायचं होतं?

जाण्याआधी त्याने पैसे मोजले. सत्तर त्याचे. चौतीस तुझे, ते मी सांगितलं. छत्तीस उरले. त्याने वर बघितलं. "ताई?" त्याच्या मागे दोन पिशव्या घेऊन एक बाई उभ्या होत्या. मी म्हटलं, पुढचे कोण?

कार्डावरचा एकही आकडा मी खोटा लिहिलेला नाही. आत जेवढं होतं तेवढंच लिहिलं. कुणाचं पाकीट, असा रकाना नाही.

पेटी न्यायला तो विसरला होता. बसपर्यंत मी नेऊन दिली.

— ताई


५ नोव्हेंबर

ताई,

त्या दिवशी घरी पोचलो, पेटीसकट. दार उघडून आत गेलो आणि विचारलं, आपली ट्रेडमिल कुठाय? तुझी वहिनी म्हणाली, आधी दुसऱ्या गोष्टीवर बोल. मग बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या वीस हजारांचं तू विचारलं होतंस. यंत्राच्या खोलीत मी पाळणा करत होतो. लाकूड उत्तम, कड्या पितळी, दोर लिफ्टचा, पोलादी. तो तपासणीत पास होईपर्यंत तुझे आकडे सावकाश वाढावेत एवढंच मला हवं होतं, आणि ते तर धावत सुटले होते. आता वाळूची पोती भरून चाचणी घेतली. दहा पोती, तासभर, तसूभरही हलला नाही.

काल तुझ्या वहिनीला दाखवला. दहा मिनिटं हसली, मग दहा मिनिटं रडली. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता हे असंच चालायचं. तक्रार एकच आहे, पाळण्यावरच्या पाटीची. आमच्याकडे पाटीशिवाय काही टांगत नाहीत. 'कमाल भार पाचशे किलो. सात व्यक्ती.' ती म्हणते, मी एकच देणार आहे, बाकीच्या सहा तू बघ.

बारापट सोडली. एक लाख वीस लागणार होते, एक चाळीस आहेत. एकपट आणि वर वीस हजार. आमच्या खात्यात मला कुणी उभं करणार नाही, पण तुझी वहिनी म्हणते चालेल.

तुझे छत्तीस हजार परत पाठवायचे मी म्हणत होतो. ती म्हणाली, त्यांच्याकडे बिल्ला आहे का?

बारक्या


९ जून

ताई,

मुलगी. शुक्रवारी सकाळी दहा चाळीसला. फोन घेतला असतास तर शुक्रवारीच कळलं असतं. दोन किलो नऊशे. दोघी ठणठणीत. पाळण्याला तिचं वजन लागलेलंच नाही. त्याला अजून वाटतं तो रिकामा आहे.

मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा 'हं' म्हणाली. तुझी वहिनी म्हणते, ती शिंक होती.

दवाखान्यातून घरी येताना टॅक्सीत छत्री विसरलो, कपड्यांची पिशवी विसरलो, आणि उतरून चार पावलं गेल्यावर तुझी वहिनी मागून ओरडली, "अरे, मी!" तिचं दार उघडायचं राहिलं होतं. पण मुलगी हातात होती, ताई. घट्ट.

कधी येतेस?

बारक्या


२४ जून

वहिनी आणि बारक्या,

पोचले. वीस वर्षांत पहिल्यांदा चार दिवस रजा घेतली होती. माझ्या जागी बसवलेल्या माणसाने एक पेटी बिल्ल्याशिवाय दिली. त्याच्याशी बोलणं चालू आहे.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. तोंडी सांगितल्या असत्या तर तुम्ही पुढे कबूल केल्या नसत्या.

पहिली. तुम्हा दोघांना कधी कुठे जावं लागलं, तर तिला माझ्याकडे ठेवता येईल. एक दिवस किंवा महिना. नियम सात खोडला आहे. भाडं नाही. फलकावर 'नातेवाईकांना सूट नाही' याच्याखाली 'एक अपवाद' अशी ओळ रंगवून घेतली. गिऱ्हाइकं विचारतात, कोण? मी फोटो दाखवते. रांग मागे बसफलाटापर्यंत जाते.

दुसरी. चार दिवस तुम्ही घरभर मोजा शोधत असाल. पांढरा, वर निळी रेघ, डाव्या पायाचा. पाळण्याखाली बघितलं असेल, बादलीत बघितलं असेल. शोधू नका. तो माझ्याकडे आहे. खालचा कप्पा, क्रमांक सत्तेचाळीस. उजवा तिच्या पायात राहू द्या.

बारक्या तिला कुठे विसरलाच, तर फोन करा. मी घेईन. घेऊन येते लगेच.

— आत्या